एक बाही आईकडची, एक बाबांकडची

मी एक स्वेटर. वीतभर लांबीचा, पिकल्या लिंबाच्या रंगाचा. घडी घातली तर मोठ्या माणसाच्या ओंजळीत मावेन, एवढाच माझा जीव. पण माझ्यापायी दोन शहाण्यासुरत्या बायका महिनाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या, म्हटलं तर तुम्हाला खरं वाटायचं नाही.

मला विणायला घेतलं बाळाच्या आईच्या आईनं. त्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका, सगळे त्यांना मास्तरीणबाईच म्हणत. दोन सुया, सुलट-उलट टाके, आणि तोंडानं मोजणी अखंड चालू. एक टाका चुकला तरी अख्खी ओळ उसवत. माझी पाठ तर त्यांनी तीनदा उसवली. मला गुदगुल्या व्हायच्या, पण बाईंपुढे हसायची कुणाची छाती होती?

बाळाच्या बाबांची आई पोस्टात खिडकीवर बसत. त्या क्रोशा करायच्या. एकदा मास्तरीणबाईंच्या लेकीच्या घरी चहाला दोघी भेटल्या, तेव्हा पोस्टातल्या बाईंनी बाळासाठी केलेली टोपी कौतुकानं पुढे केली. मास्तरीणबाईंनी ती उजेडात धरली.

"नाजूक आहे हो. पण क्रोशा म्हणजे नुसती भोकंच की! बाळाला वारं लागायचं."

पोस्टातल्या बाईंनी टोपीची घडी घातली, पर्समध्ये ठेवली. "बरं झालं सांगितलंत," एवढंच म्हणाल्या. चहा तसाच राहिला.

त्या दिवसापासून एक विहीण आली की दुसरी निघायची. लेक बिचारी आठ महिन्यांचं पोट सांभाळत दोघींची मनधरणी करून थकली. "आई, बाळ यायच्या आत मिटव हं हे," ती म्हणायची. मास्तरीणबाई मान खाली घालून टाके मोजत राहायच्या.

आणि मग त्या पडल्या. कपाटावरची लोकर काढायला स्टुलावर चढल्या नि मनगट मोडून बसल्या. माझी पाठ झाली होती, पुढचे दोन्ही भाग झाले होते, उजवी बाहीसुद्धा. डावीचा पत्ता नव्हता, आणि बाळ यायला उरले होते जेमतेम वीस दिवस. एका बाहीचा स्वेटर कुणाला घालणार? मी तर आशाच सोडली.

दोन दिवस त्यांनी मला नुसतं मांडीवर घेऊन काढले. तिसऱ्या दिवशी पिशवीत घातलं आणि तडक विहिणीचं दार वाजवलं.

"हाताला प्लास्टर आहे, तोंडाला नाही," दारातच त्या म्हणाल्या. "म्हणून आधी तोंडाचं काम करते. चुकलं माझं. आता हाताचं काम तुम्ही करा."

पोस्टातल्या बाईंनी मला पिशवीतून काढून उलटसुलट करून पाहिलं. "मला दोन सुयांचं येत नाही."

"मग तुमच्या पद्धतीनं करा. भोकं ठेवा हवी तेवढी!"

दोघी अशा हसल्या, की शेजारीण काय झालं म्हणून डोकावून गेली.

पुढचे चार दिवस एकीच्या हातात क्रोशाची सुई, दुसरीच्या तोंडात मोजणी. बोलता बोलता पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "मुलगा पोटात होता ना, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत शिकले मी हे. दवाखान्यातून घरी आला तो माझ्या हातची टोपी घालून. आपल्या नातवंडासाठी केलेली टोपी त्याच नमुन्याची होती."

मास्तरीणबाईंची मोजणी थांबली. "हे आधी सांगायचं होतंत."

"तुम्ही विचारलंत कुठे?"

बाही पुरी झाली, तर भरली उजवीपेक्षा बोटभर लांब. पोस्टातल्या बाईंचा चेहरा उतरला. "उसवू का?"

ज्यांनी एका टाक्यासाठी ओळी उसवल्या, त्या मास्तरीणबाई मला झटक्यात ओढून घेत म्हणाल्या, "हात नका लावू! दुमडून घालू."

बाळ आलं. मुलगी! नर्सनं मला तिच्या अंगात चढवलं, ती क्रोशाची टोपीही घातली, आणि विचारलं, "या बाह्या अशा वेगवेगळ्या का?"

"एक आईकडची, एक बाबांकडची," बाबा म्हणाला. तोवर दोन्ही आज्या आधी कोण घेणार यावरून पुन्हा भांडायला लागल्या होत्या. पण हे भांडण ऐकायला फार गोड होतं. माझ्या आत इवलंसं काळीज धडधडत होतं. एवढं ऊबदार मला कधीच वाटलं नव्हतं.

तीन महिन्यांत मी तिला पुरेनासा झालो. मग मी त्या नर्सच्या बाळाकडे गेलो, तिथून तिच्या भाचीकडे, आणि आता हा माझा चौथा मालक. माझी एक विनंती आहे. मला कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, सावलीत पसरून वाळवा. पण आठवण म्हणून पेटीत मात्र कोंडू नका. मला रिकामं बसवत नाही.

बरंय, येतो. साहेबांची आंघोळ आटोपली, टॉवेलात गुंडाळून आणताहेत. माझी वेळ झाली.