झाफिमारोला पलीकडे नेणारा तराफा

मी एक जुना तराफा आहे. लोखंडी पिंपांवर फळ्या ठोकून मला बनवले. मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावर, आमची नदी समुद्राला मिळते तिथे, उत्तरेकडच्या वाळूवर मी पडून आहे. मित्रांनो, आपली जीवनकथा सांगणाऱ्या वस्तू बहुधा गोड बोलतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मी रागावलेलो आहे. राग आवरून जेवढे नीट सांगता येईल तेवढे सांगतो.

आमच्या गावाच्या पुढे, उत्तरेच्या टोकावर, एक मोठे हॉटेल झाले आहे. इथे यायचे कसे, हे त्याच्या पाहुण्यांना आधी कळवलेले असते. विमानाने दक्षिणेच्या शहरापर्यंत यावे, तिथून वेगवान बोटीने. रस्त्याने येता येत नाही, असेही त्यांना सांगतात.

येता येत नाही म्हणे! मग मी इतकी वर्षे कुणाला ओलांडून नेत होतो? चिखलातून ट्रक यायचे, मोटारसायकली यायच्या, लवंगांची पोती डोक्यावर घेतलेल्या बायका यायच्या. नदीपाशी सगळ्यांना थांबावे लागे. दोन्ही काठांच्या झाडांना बांधलेला एक पोलादी दोर नदीवर ताणलेला होता. मला चालवणारा झाफिमारो माझ्यावर उभा राहून खाच पाडलेले लाकूड त्या दोरात अडकवी आणि सारे अंग मागे टाकून ओढी. तसा मी पुढे सरके. निघण्याआधी तो घोटभर रम पाण्यात ओती, पूर्वजांना सांगे की माणसे येत आहेत, सांभाळा. मग उरलेली स्वतः पिई आणि म्हणे, "त्यांना पुष्कळ झाली."

त्याची मुलगी सोआझारा माझ्याच फळ्यांवर रांगायला शिकली. गावातली बाळंतीण मी नेली, नवरी मी आणली. दूरच्या शहरात वारलेल्या गावकऱ्यांना परत आणणारा मीच. आमच्याकडे माणूस कुठेही मरो, त्याने आपल्या कुळाच्या थडग्यात पोचायला हवे. नाही पोचला, तर तो मेल्यावरही हरवलेलाच राहतो. म्हणून मयत घेऊन जाताना झाफिमारो दोर सावकाश ओढायचा आणि एक शब्द बोलायचा नाही.

मग हॉटेल आले. माझा दोर त्यांच्या बोटींना आडवा येत होता. हॉटेलचा व्यवस्थापक गावात आला आणि फणसाखाली सभा भरली. दोर काढू द्या, आमची बोट तुम्हाला फुकट पलीकडे नेईल, असे तो म्हणाला. कुळाचे प्रमुख, लाल काठीवाले आजोबा, काही कच्चे नव्हते. त्यांनी एकेक गोष्ट विचारून घेतली. आजारी माणूस नेणार का? शाळेची मुले? लवंग, व्हॅनिला, कोंबड्या? डुकरे? व्यवस्थापक प्रत्येक वेळी मान डोलवत गेला.

मयताचे कुणी विचारले नाही.

विसरले नव्हते कुणी. समोर जिवंत माणसे बसलेली असताना त्यांच्या मरणाचा व्यवहार करायचा नसतो, एवढेच. तसे बोलणे म्हणजे बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी शवपेटीचे माप घेणे. सर्वांत जास्त मयते नेलेला झाफिमारो तिथेच बसला होता. त्याने तोंड उघडले आणि मिटले. दुसऱ्याच दिवशी माझा दोर काढून नेला. आता तो हॉटेलच्या धक्क्याला बोटी बांधायला वापरतात.

मला वाळूवर ओढून ठेवले. गावाने थोडे दिवस हळहळ केली आणि मग माझ्या फळ्या काढायला सुरुवात केली. एक डुकरांच्या खुराड्याला गेली, एक कुणाच्या ओट्याला. हॉटेलवाल्यांवर माझा राग आहेच, पण ते परके होते. ही माणसे माझ्यावर वाढलेली होती. झाफिमारो रोज संध्याकाळी येऊन माझ्या कडेला बसे. त्याला माझ्या डोळ्यांदेखत म्हातारपण आले.

गेल्या पावसाळ्यानंतर त्याच्या छातीत पाणी झाले. हॉटेलच्या बोटीने त्याला नदीच्या दक्षिण काठावर नेले. तेवढा शब्द त्यांनी पाळला. तिथून ट्रकने शहराच्या इस्पितळात नेले आणि तिथे तो गेला.

सोआझारा त्याला घेऊन परतली. खड्ड्यांच्या रस्त्याने, ट्रकमध्ये पेटीला हाताने धरून. दक्षिण काठावर उतरली तेव्हा शहरातून पाहुणे घेऊन आलेली हॉटेलची बोट गावकऱ्यांसाठी तिथे थांबली होती. बोट चालवणारा लेझोमा आमच्याच गावचा. पाण्यावरून आवाज चांगला येतो, मला सगळे ऐकू आले.

"ताई, माझ्या हातात नाही," लेझोमा म्हणाला. "ठरलं तेव्हा मयताचं कुणी बोललं नव्हतं."

"मयत कुणाचं म्हणतोस? तुझा काका आहे हा. पोहायला कुणी शिकवलं तुला?"

त्याने खाली पाहिले आणि इंजिन सुरू केले.

गावात होड्या होत्या. पण मासेमारीच्या होडीत मयत ठेवत नाहीत. ठेवले तर त्या होडीला पुन्हा मासा लागत नाही. दक्षिण काठावरचे लोक भले होते. ऊन फार आहे, तूर्त इथल्याच वाळूत ठेव, पुढे कधीतरी हाडे ने, असे त्यांनी सुचवले. सोआझाराने त्यांचे शांतपणे ऐकून घेतले. मग ती पाण्याच्या कडेला आली आणि उत्तर काठाकडे तोंड करून ओरडली, "फळ्या ज्यांनी नेल्या त्यांनी घेऊन या. मी इथून हलणार नाही."

दुसरे काही ती बोलली नाही. एवढेच पुरले.

फळ्या कुजल्या होत्या, खिळे वाकले होते. तेव्हा बायकांनी आपापल्या घरांची बांबूची दारे उचकटून आणली आणि माझ्या पिंपांवर बांधली. बैलांची दावी, नांगरांचे दोर, जे हाती लागले ते एकाला एक गाठ मारून लांब केले. एका होडीने त्याचे टोक दक्षिणेला पोचवले. सोआझाराने ते झाडाला आवळले. ओहोटी सुरू झाली होती आणि प्रवाह मला समुद्राकडे खेचत होता. माझे एक पिंप गळत होते. तरी मी गेलो, आणि झाफिमारोला घेऊन परत निघालो.

ओढणाऱ्यांत रावाओ म्हातारी होती. तिच्या आणि झाफिमारोच्या कुळांत थट्टेचे नाते. एकमेकांना टोमणे मारायचा हक्क, अगदी मयतालाही. निम्म्या नदीत ती पेटीवर थाप मारून म्हणाली, "काय रे, जन्मभर आम्हाला ओढलंस, आणि आज पाहुण्यासारखा आडवा पडलास? ऊठ, हात लाव."

माणसे हसली. सोआझाराही हसली, आणि बापाच्या मरणानंतर पहिल्यांदा तिला रडू फुटले. पण हातातला दोर तिने सोडला नाही. पाणी घोट्यापर्यंत चढले होते तेव्हा मी उत्तरेच्या वाळूला टेकलो. झाफिमारो त्याच दिवशी आपल्या थडग्यात पोचला.

पुढच्या आठवड्यात व्यवस्थापक रमची बाटली घेऊन आला. झाल्या प्रकाराबद्दल त्याला वाईट वाटत होते. मला हॉटेलच्या बागेत ठेवावे, रंग द्यावा, वर फुलझाडे लावावीत, गावाची आठवण म्हणून, असे त्याचे म्हणणे. लाल काठीवाले आजोबा होकार देण्याच्या बेतात होते.

"त्याला काम आहे," सोआझारा म्हणाली. व्यवस्थापक बाटली ठेवून गेला.

मित्रांनो, अशा कथेच्या शेवटी आम्ही वस्तूंनी हात जोडून विनंती करायची असते. मी हात जोडणार नाही. ज्याने तुम्हाला वाहून नेले त्याची डागडुजी करणे हे तुमचे कामच आहे. त्याला हार घालू नका, त्याच्या आठवणी काढू नका. फळी निसटली की फळी बसवा. आणि जे बोलायला जीभ अडखळते, तेच व्यवहार ठरवताना आधी बोला.

सोआझारा आता रोज ओहोटीला येते आणि माझ्या पिंपांना डांबर लावते. काल लाल काठीवाले आजोबा आले. अजून किती लागेल, असे त्यांनी विचारले. तिने मान वर न करता दुसरा कुंचला त्यांच्यापुढे धरला.

आजोबांनी काठी माझ्या अंगाला टेकवून ठेवली आणि ते गुडघ्यांवर बसले.