डावा हात खिशात

ते साल १९७१. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आमच्या मागच्या खोलीत अप्पांचा वायरलेस सेट होता. अप्पा म्हणजे माझे वडील. जहाजावरच्या वायरलेसच्या नोकरीतून निवृत्त झाले, तरी घरी त्यांनी हौशी रेडिओचा परवाना काढला आणि सगळा जीव त्या खोलीत नेऊन ठेवला. सोल्डरिंगचा तो जळका, राळेचा वास मला आजही कुठे आला की पाय थबकतात.

दादा, माझा मोठा भाऊ, त्या वेळी दूरच्या एका बेटावर हवामान केंद्रात होता. अप्पांशी कडाक्याचं भांडण करून गेला होता. “माझ्या घरात फुकटचं खायचं नाही,” असं अप्पा रागाच्या भरात बोलून गेले, आणि त्याने ते मनाला लावून घेतलं. तरी रविवारी सकाळी तो रेडिओवर यायचा. त्याच्याकडचं यंत्र सरकारी, दणदणीत. तो आम्हाला शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा ऐकू येई. आमचा आवाज मात्र तिथवर पोचायला अॅम्प्लिफायरचा जोर लागे.

बेटावर वर्षातून एकदा बोट जाई. या खेपेला परतायचं की आणखी वर्षभर राहायचं, हे दादाने त्या रविवारी आपल्या साहेबाला सांगायचं होतं. आदल्या रविवारी तो म्हणाला होता, “अप्पांनी हुकूम सोडायचा आणि मी यायचं, हे आता होणार नाही. मी यावं असं आईला वाटत असेल तर तिने बोलावं.” आई माईकवर कधी बोलली नव्हती. बसली की तिला रडूच फुटे. पण त्या दिवशी तिने पदर खोचला आणि म्हणाली, “येत्या रविवारी मी बोलते.”

आणि त्याच आठवड्यात अॅम्प्लिफायरने दगा दिला. चालू केला की फ्यूज उडायचा.

“मोर्सवर कळवू,” अप्पा म्हणाले. “टकटक तेवढी पोचेल, जोर लागत नाही तिला.”

“तुमच्या टकटकीने यायचा असता तर गेलाच नसता,” आई म्हणाली. “ते खोकं दुरुस्त करा.”

अप्पा कामाला लागले. सोबतीला प्रोजेक्टरवाले काका. ते थिएटरात सिनेमा दाखवत आणि त्यांनाही रेडिओचं वेड होतं. दोघांनी मेन लाइनमध्ये साधा बल्ब जोडला, म्हणजे आत शॉर्ट असेल तर फ्यूज उडण्याऐवजी बल्ब पेटेल. बल्ब लखलखीत पेटला. मग एकेक भाग सोडवत गेले. शेवटी डायोड जळलेले निघाले.

अॅम्प्लिफायरच्या पेटीत दोन हजार व्होल्ट असत. प्लग काढला तरी वीज कपॅसिटरमध्ये दबा धरून बसते. एक रेझिस्टर ती हळूहळू पिऊन टाकतो आणि मीटरचा काटा शून्यावर येतो. तरी अप्पांचे नियम होते. काट्यावर भिस्त ठेवायची नाही. लांब काठीला तांब्याचा आकडा, आकड्याला वायर, वायरीचा चिमटा पेटीच्या पत्र्याला. तो आकडा आत टेकवायचा. वीज उरली असेल तर फाट्कन आवाज होतो. आणि मगच आत हात घालायचा, उजवा. डावा खिशात, म्हणजे वीज छातीतून आरपार जात नाही.

“खिशात काय दडवलंय, अप्पा?” काका दर वेळी विचारत. “वहिनींपासून लपवलेलं घबाड?”

“माझा जीव,” अप्पा म्हणत. “तुमच्यासारख्यांची नजर लागू नये म्हणून.”

रविवारी सकाळी काका थिएटरात गेले होते. अप्पांनी नवे डायोड बसवून अॅम्प्लिफायर चालू केला. काटा झरझर वर चढला. आई साडीची घडी नीट करत माईकजवळच्या स्टुलावर बसली. एवढ्यात जळका वास आला आणि काटा धप्पकन शून्यावर पडला.

“पुन्हा गेलं की काय!” अप्पांनी कपाळावर हात मारला. स्विच बंद केला, प्लग काढला. चिमटा पेटीला लावला, काठी आत टेकवली. काहीच आवाज नाही. डावा हात खिशात घालून त्यांनी उजवा आत घातला.

त्याच वेळी रिसीव्हरमधून दादाचा आवाज आला. नेहमीपेक्षा लवकर आला होता, आणि रिसीव्हरचा आवाज कमी ठेवलेला, म्हणून बारीक. “अप्पा, ऐकू येतंय का?”

अप्पांनी आवाज वाढवायला डावा हात पुढे केला.

रिसीव्हरच्या लोखंडी पेटीला त्यांची बोटं लागली, आणि ते ताठ होऊन मागे कोसळले. मी त्यांची छाती दाबत राहिले. शेजारणीने डॉक्टरांना आणलं, कोणीतरी काकांना. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि बॅटरी खिशात ठेवली.

“ऐकू येतंय का? आई आहे का तिथे? साहेब थांबलेत,” दादा मधून मधून विचारतच होता.

मी रिसीव्हर बंद करायला उठले. आई म्हणाली, “नको. त्याला सांग. आज नाही सांगितलं तर बोट जाईल.”

काकांनी अँटेनाची वायर अॅम्प्लिफायरमधून काढून थेट सेटला लावली. मोर्सच्या की-वर बोट ठेवलं आणि परत उचललं. मोर्स मला अप्पांनीच शिकवला होता. मी बसले.

माझी पहिली अक्षरं गेली तोच दादा म्हणाला, “हा अप्पांचा हात नव्हे. छकुले, तू आहेस? अप्पांना दे ना.”

अप्पा वारले, असं मी पाठवलं.

“नीट आलं नाही. पुन्हा पाठव.”

मी पुन्हा पाठवलं. आणि पुढे, आई म्हणते ये.

मग तो म्हणाला, “येतो.”

संध्याकाळी काकांनी पेटी तपासली. रेझिस्टर फुटला होता. काट्याला वीज त्याच्यातूनच मिळे, म्हणून काटाही शून्य आणि वीजही आत तशीच कोंडलेली. “पण काठी टेकवली ना?” मी म्हणाले. काकांनी चिमटा काढला आणि त्याखालचा पत्रा नखाने खरवडला. पोपटी रंगाचा पापुद्रा निघाला. पेटीच्या गंजाचे डाग टेबलक्लॉथवर पडतात म्हणून आईने महिन्यापूर्वी अप्पांना ती रंगवायला लावली होती. चिमटा रंगावर बसला होता. काठी टेकवून न टेकवल्यासारखीच.

“आणि डावा हात बाहेर कशाला काढला त्यांनी?” काका विचारत राहिले. आई दारात उभी होती. तिची नजर त्या पापुद्र्यावर होती. मी पेटीचं झाकण लावून टाकलं.

काकांनी स्वतःचा रेडिओचा परवाना परत केला. थिएटर बंद पडेपर्यंत ते तिथेच होते. प्रोजेक्टर उघडताना डावा हात खिशात घालत, पण तो विनोद पुन्हा त्यांच्या तोंडून निघाला नाही. मी तार ऑफिसात लागले. वाईट बातमीची तार आली की बाकीच्या मुली ती माझ्याकडे सरकवत, कारण माझा हात अडखळत नसे.

दादा त्याच बोटीने आला. पाणपंपांच्या कारखान्यात चिकटला आणि शेवटपर्यंत आईपाशी राहिला. अॅम्प्लिफायर त्याने भंगारात दिला. कुठे चूक झाली, हे त्याला काकांकडून कळलं. त्याची हाक ऐकूनच अप्पांनी डावा हात बाहेर काढला, हे मी त्याला कधीच कळू दिलं नाही. गेल्या वर्षी तोही गेला.

आई अप्पांनंतर चौदा वर्षं जगली. ती हाक तिनेही ऐकली होती. दादाचं हवं-नको सगळं बघायची, पण त्याच्याशी बोलणं कामापुरतंच. भाजीवाल्याशी ती जास्त बोलायची. एकदा ती आत निजली असताना दादा मला म्हणाला, “तिथे असताना मला वाटायचं, एकदा तरी तिचा आवाज यावा.”

आतून तिने कूस बदलल्याचा आवाज आला. दादा दाराकडे बघत बसला.