घट्ट की पातळ

हत्यारदुरुस्तीच्या खोलीतल्या मिस्त्रीला सगळी छावणी ग्रीसमामा म्हणायची. त्यातला मामा खरा होता. त्याच्या थोरल्या बहिणीचा मुलगा त्याच छावणीत शिपाई होता आणि येता-जाता 'मामा, मामा' करत खोलीत डोकावायचा. ग्रीस तेवढं बाकीच्यांनी पदरचं जोडलं. मामाला त्याचा राग नव्हता. ज्याला कुणी विचारत नाही त्याला नाव तरी कोण ठेवणार?

त्या सकाळी हुकूम आला की दुपारी तुकडी निघणार, रायफली तयार ठेवा. कुठे निघणार ते मिस्त्रीला सांगायचं नाही, असा तिथला शिरस्ता. साहेबांनी फक्त 'घट्ट' किंवा 'पातळ' म्हणायचं आणि मिस्त्रीने तसं वंगण घालायचं. ही रायफल मोठ्या मिजाशीची. एक गोळी सुटली की तिच्याच जोरावर आतला बोल्ट मागे जातो, रिकामं काडतूस फेकतो आणि नवी गोळी घेऊन पुढे येतो. माणसाने नुसता घोडा दाबायचा. पण बोल्ट ज्या खाचांतून धावतो, तिथे समुद्राच्या खाऱ्या हवेत घट्ट ग्रीस लागतं, नाहीतर गंज धरतो. बर्फात तेच ग्रीस मेणासारखं गोठतं, बोल्ट अर्ध्या वाटेत रेंगाळतो आणि दुसरी गोळी सुटतच नाही. तिथे पातळ तेलाचं नुसतं बोट फिरवायचं, बास.

मामाने साहेबांना विचारलं, "घट्ट की पातळ?"

साहेबांच्या कानाला फोन होता. "बघा हो तुम्हीच," म्हणाले आणि निघून गेले.

शहाण्या माणसाने त्यांच्या मागे जाऊन पुन्हा विचारलं असतं. पण दारात भाचा उभा होता आणि मामाला सोपी वाट दिसली. खांद्यावर हात टाकून त्याने हळूच विचारलं, "काय रे, कुठे निघालात?"

भाच्याने मागे-पुढे पाहिलं. "समुद्राकडे, मामा. कुणाला बोलू नकोस."

मग काय, मामाने डबा उघडला आणि एकेक रायफल खोलून खाचांना, बोल्टला, स्प्रिंगला लेकराच्या अंगाला तेल लावतात तसं ग्रीस माखलं. हात चालत होता आणि मन निवांत होतं. समुद्र म्हणजे नुसता पहारा. पोरगं काळं होऊन येईल, एवढंच.

रायफली तुकडीच्या हवाली करून तो घरी जेवायला आला. भाऊजी गेल्यापासून तो बहिणीकडेच राहायचा. ताईने ताट वाढलं आणि हसायला लागली. "तुझा भाचा अगदीच खुळा आहे बघ. निघालाय समुद्रावर आणि ट्रंकेतून त्याच्या बाबांचे लोकरीचे मोजे, कानटोपी, सगळं घेऊन गेला. त्याला वाटलं, मला कळणार नाही."

मामाचा घास तोंडातच राहिला. लोकर म्हणजे बर्फ. ताईच्या चेहऱ्याकडे बघायची त्याची हिंमत होईना.

"खोलीला कुलूप लावायचं राहिलं," असं काहीतरी पुटपुटत तो उठला. मागून ताई ओरडत होती, "अरे, हात तरी धू!"

छावणीच्या मैदानात गाडी उभी होती. सामान चढत होतं. मामाने भाच्याला गाडीच्या आडोशाला ओढलं.

"खोटं का बोललास रे?"

"आईला तेच सांगितलंय. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, मामा. तुला खरं सांगितलं असतं तर जेवायच्या आत आईला कळलं असतं."

"अरे गाढवा, मी ग्रीससाठी विचारत होतो!"

भाच्याचा चेहरा उतरला. "मला वाटलं, मामा म्हणून विचारतोयस."

मामाने हात पुढे केला. "तुझी रायफल आण. पटकन पुसून देतो."

"आणि बाकीच्यांच्या?"

बाकीच्यांचं ते बघून घेतील, असं मामाच्या ओठांवर आलं. त्याची त्यालाच लाज वाटली. साहेबांकडे जावं, तर ते विचारणार, जागेची बातमी फुटली कुठून? आणि छावणीत फितूर जिभेला माफी नव्हती.

त्याच्या आधी भाचाच साहेबांकडे चालायला लागला. मामा मागोमाग धावला.

"साहेब, माझी चूक झाली," मामा धापा टाकत म्हणाला. "सगळ्यांना घट्ट घातलंय. गाडी थोडी थांबवा, सगळं पुसून पातळ घालतो."

साहेबांनी घड्याळावरून मान वर केली. "तुम्हाला घट्ट कुणी सांगितलं होतं? आणि आता पातळ कुणी सांगितलं?"

मामा म्हणणार होता, कुणीच नाही, अंदाज बांधला.

"मी, साहेब," भाचा म्हणाला. "मी घरात बोललो."

साहेबांनी रायफली खाली उतरवायला सांगितल्या आणि मग भाच्याला म्हणाले, "तुझंही सामान उतरव. तुझं काय करायचं ते उद्या बघू."

सगळी तुकडी चिंध्या घेऊन जमिनीवर बसली. बोल्ट निघाले, स्प्रिंगा निघाल्या, ग्रीस खरवडलं गेलं. मामा प्रत्येक खाचेतून स्वतः बोट फिरवत होता. कुणी त्याला ग्रीसमामा म्हणालं नाही. भाच्याची रायफल चष्मिसला दिली गेली. कोठारात बसून सामान मोजणारा पोरगा तो. त्याला हातातलं काम टाकून तसाच गाडीत चढवला. जाताना त्याने भाच्याकडे पाहिलं, रागाने नाही, नुसतंच, आणि भाच्याने लोकरीचे मोजे आणि कानटोपी त्याच्या मांडीवर टाकली.

दिवस कलताना दोघे घरी आले. दारात मुलगा बघून ताईच्या हातातलं भांडंच खाली पडलं. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, रडली, हसली. "देव पावला," म्हणाली. "मोजे नेलेस तेव्हाच माझ्या काळजात चर्र झालं होतं. मामासमोर हसले आपली. त्याला कशाला घोर लावायचा?"

मामाने ग्रीसचे हात धुतले.

ताईने ताटं घेतली. दोघंही जेवेनात. तिने एकाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं. "झालंय काय तुम्हाला? मग गाडी गेलीच नाही का?"

"गेली," भाचा म्हणाला.

"तुझ्या जागी कोण गेलं?"

"चष्मिस."

ताईचा हात थांबला. चष्मिसला ती ओळखत होती. त्याची आई दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि दोघींची बाजारात रोज गाठ पडायची. ताई उठली, गॅस बंद केला, पदर सारखा केला.

"कुठे निघालीस?" मामाने विचारलं.

"तिच्याकडे. एकटी बसली असेल बिचारी. मला माहीत आहे ना, कसं होतं ते."

भाच्याने मान खाली घातली. शेवटी मामालाच बोलावं लागलं.

"ताई, त्याला कामावरूनच उचलून नेलं. तिला अजून काही माहीतच नाही. ती त्याची जेवायला वाट बघत असेल."

एक चप्पल पायात घालून ताई दारात उभी राहिली. दुसरी तिला सापडेना, समोरच होती तरी.