हाळीची पाळी

"पाच नंबर परत मेला," लॅपटॉप मिटत प्रियदर्शिनी म्हणाली. हिंजवडीहून येणारी ती इंजिनिअर.

कासारसाई धरणाच्या पाटावर तिने बारा खांबांना बारा डबे लावले होते. डबा मातीची ओल मोजायचा आणि निरोप शेजारच्या डब्याला द्यायचा. हातोहात तो धरणावरच्या खोलीत पोचला, की पाटाचं दार उघडायचं. पण टेकाडावरच्या पाच नंबरची बॅटरी तीन दिवसांत संपायची आणि पलीकडचे सगळे डबे मुके व्हायचे. अगदी टेलला, पाटाच्या शेवटाला, भीमाबाईचा गहू ओंबीत येऊन पाण्यासाठी खोळंबला होता.

"शनवारपत्तुर टेलचा निरोप आला न्हाई, तर डबे काढा," पाणी संस्थेचा अध्यक्ष जयसिंग म्हणाला. "त्यापरास आमचा सोपान बरा. भाकरीवर चालतोय."

शिडी धरून उभा असलेला सोपान खाली बघत हसला. पस्तीस वर्षं पाटकरी म्हणून पाणी वाटलं. आता शिडी वाहायची. जयसिंग गेल्यावर तो म्हणाला, "ताई, समदे पाचलाच का सांगत्यात?"

"तो उंचावर आहे, काका. त्याच्याकडून निरोप थेट खोलीत जातो."

"माझा बाप तितंच उभा ऱ्हायचा. पाणी कुटवर आलं त्याची हाळी बांधाबांधावरनं जायची. बापाचा आवाज मोठा, मंग समदे त्यालाच हाळी द्यायचे. एका उन्हाळ्यात घसा बसला, तो बसलाच." सोपानने शिडी खांबाला टेकवली. "मंग पाटकऱ्यांनी पाळी लावली. ज्याचा घसा ताजा, त्यानं घ्यायची. लांबनं गेली तरी चालंल. आन् समोरच्यानं ओ दिली न्हाई, तर दुसऱ्याला द्यायची."

प्रियदर्शिनीने लॅपटॉप उघडला. "म्हणजे कोणाची बॅटरी किती उरलीये, ते आधी विचारायचं."

"मला त्यातलं कळत न्हाई," सोपान घाईने म्हणाला. "चुकत बी असंल."

पाच नंबरला नवी बॅटरी घालून ती मंगळवारी दिवसभर डब्यांना ही पाळी शिकवत खांबाखांबाशी बसली. शनिवारी सकाळी खोलीतला दिवा लागला: टेल कोरडं. पाटाचं दार करकरत वर गेलं.

"कुटनं आला निरोप?" जयसिंगने विचारलं.

"सातकडून चारकडे. पाचची बॅटरी अजून निम्मी आहे."

सोपान पाण्याच्या तोंडाबरोबर चालत टेकाडावर पोचला. पाच नंबरच्या खांबाला हात टेकून त्याने सवयीने हाळी दिली, "आलं रंऽऽ पाणी."

खालच्या बांधावर जयसिंग उभा होता. त्याने डब्याकडे पाहिलं, सोपानकडे पाहिलं. मग तोंडाशी हात नेऊन हाळी पुढे दिली.

बऱ्याच वेळाने टेलकडून भीमाबाईची बारीक ओ आली.