समुद्राकडे पाठ केलेले घर

मित्रांनो, मी एक जुने घर आहे. केळवे आणि एडवण यांच्या मधल्या किनाऱ्यावर, मच्छीमारांच्या वाडीच्या टोकाला मी उभे आहे. वाडीतली सगळी घरे समुद्राकडे तोंड करून आहेत. मी तेवढे पाठ करून बसले आहे.

मला बांधणाऱ्या गवंड्याने पश्चिमेला सलग भिंत घातली. खारा वारा चुना खातो, असे म्हणून त्याने तिला साधा झरोकाही ठेवला नाही. दार पूर्वेला, आणि इतके बुटके की आत येणाऱ्याला वाकावेच लागते. माझा पाया काळ्या दगडाचा आहे. जमिनीखाली त्याचे सात थर आहेत. माझ्या पाठीमागे केवड्याचे दाट रान होते आणि त्यापलीकडे रेतीचा उंच बांध. केवड्याची मुळे खोडातून निघून काठ्यांसारखी जमिनीत रुततात आणि उडून आलेली रेती धरून ठेवतात. तो बांध कोणी माणसाने घातला नव्हता. केवड्यानेच तो साठवला होता.

मला बरीच वर्षे गिऱ्हाईक मिळाले नाही. माणसे येत, वाकून आत शिरत, अंधार पाहून नाक मुरडत, केवड्यात साप असतात म्हणत आणि निघून जात.

एकोणीसशे बासष्ट साली हिरा आली. तिचा नवरा जानू होडीवर जात असे. ती मासळी सुकवून विकत असे. जानूचे मन समोरच्या रांगेतल्या एका ओट्याच्या घरात अडकले होते. हिराने मात्र माझ्या चारही खोल्या पाहिल्या, मागच्या भिंतीवर तळहात टेकवला आणि म्हणाली, "हेच."

माझा मालक कमलाकांत ओशाळला. "पश्चिमेला एक खिडकी काढून देतो, पाहिजे तर."

"काढली तर घर घेणार नाय आमी."

"अगो, समोर एवढा दर्या, आन् तू ह्या बिळात राहणार?" जानूने कपाळाला हात लावला.

"दर्या दिसला की मी कामं टाकून तुमच्या होडीची वाट बघत बसीन. तुमी होडी घेऊन गेल्यावर मला तो बघायचाच नाय. आन् इथं वाऱ्याला आडोसा हाय. बोंबलावर रेती बसणार नाय."

तिचे म्हणणे खरे ठरले. माझ्या पूर्वेच्या अंगणात तिने बांबूंवर बोंबील टांगले. वाडीतल्या इतर मासळीत दाताखाली रेती कचकचे, हिराच्या मासळीत नाही. बोईसरच्या बाजारात बाया तिची टोपली शोधत येत. मित्रांनो, ती माझ्या आयुष्यातली चांगली वर्षे होती.

तरी टोमणे थांबले नाहीत. शेजारची वत्सला एकदा म्हणाली, "हिरे, तुझ्या घरात दिवसाढवळ्या चिमणी लावावी लागते म्हणे?"

"लावते ना, तू आलीस की. नायतर तू दिसणार कशी?"

दोघी हसल्या. जानूला मात्र ते हसण्यावारी नेता येत नव्हते. जाळी विणायला बसले की पुरुष त्याला म्हणत, "जानूच्या घरानं दर्याशी अबोला धरलाय." सगळ्यांच्या बायका ओट्यावर उभ्या राहून होडीचे शीड ओळखत. जानू परतताना किनाऱ्याकडे पाही, तेव्हा त्याला फक्त केवडा दिसे.

त्याच सुमारास तालुक्यात बांधकामे वाढली आणि रेतीला मागणी आली. वाडीतले लोक बांधाची रेती बैलगाड्यांत भरून विकू लागले. गाड्यांना वाट हवी म्हणून केवडा तुटला. मग ओट्यावरून समुद्र छान दिसतो म्हणून उरलेलाही तुटला. वारा मोकळा झाला, सगळे खूश झाले. सहासष्टच्या पावसाळ्यानंतर वत्सलाच्या ओट्याची खालची पायरी अधांतरी लटकू लागली. तिच्या घरच्यांनी खाली शिंपले आणि दगड भरले. पुढच्या पौर्णिमेला ते वाहून गेले. त्यांनी पुन्हा भरले.

माझ्यामागचा तुकडा तेवढा उरला होता.

सदुसष्टच्या फाल्गुनात, होळीच्या चार दिवस आधी, हिरा मासळी घेऊन बोईसरला गेली. जानूने कोयता घेतला. दुपारपर्यंत माझी पाठ उघडी पडली. मग त्याने पहार आणली. चुना पडू लागला आणि मला आयुष्यात पहिल्यांदा समुद्र दिसला. तो मी समजत होते त्यापेक्षा खूप जवळ होता.

हिरा परतली. डोक्यावरची टोपली न उतरवता ती त्या भोकासमोर उभी राहिली.

"उजेड आला का नाय?" जानूने विचारले.

तिने खिडकीच्या कडेवरून बोट फिरवले. बोटाला रेती लागली. "आपल्याला तो दिसतो," ती हळूच म्हणाली, "म्हणजे त्याला पण आपण दिसतो."

"येडी हायस तू."

तिने टोपली उतरवली. त्या वर्षी तिच्या बोंबलांत रेती कचकचली.

आषाढी अमावास्येला वारा दोन दिवस पश्चिमेचा होता. अमावास्येची मोठी भरती इकडे दुपारच्या सुमारास येते. ती आली तेव्हा थांबवायला मागे काहीच नव्हते. पहिल्या लाटेने माझ्या भिंतीला नुसता हात लावला. तिसरी खिडकीतून चुलीपर्यंत आली. जानूने भोकात शिडाचे कापड कोंबले, ते उडाले. मग नवरा-बायकोने अंगणातले दगड उपटून भोक बुजवले. दोघांच्या बोटांतून रक्त येत होते. वत्सलाचा ओटा डोळ्यांदेखत गेला. ती आपल्या मुलांना घेऊन वाकून माझ्या आत शिरली, आणि अंधाराबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही.

ओहोटीनंतर जानू माझ्या पाठीमागे गेला. सात थरांपैकी तीन उघडे पडले होते. त्याने ते मोजले, पुन्हा मोजले आणि खाली बसला.

"बोल की काय ते," तो हिराला म्हणाला.

"उठा," ती म्हणाली. "केवड्याच्या फांद्या कुठं मिळतात ते बघा."

त्याने एडवणच्या बाजूहून फांद्या आणल्या. लोक हसले, की स्वतःच्या घरामागे काटे लावतो! आज त्या गुडघ्याएवढ्या आहेत. मुळे खाली उतरून रेती धरू लागायला पाच-सहा पावसाळे तरी लागतील. जमिनीखाली माझे चार थर उरले होते, आणि मागच्या पावसाळ्यात त्यातला एक दिसू लागला आहे.

मित्रांनो, घर घेताना खिडकीतून काय दिसते ते सगळेच पाहतात. तुम्ही एकदा बाहेर जा, घराच्या मागे उभे राहा आणि त्याला कोण धरून ठेवते आहे ते पाहा. आणि कधी या किनाऱ्यावर आलात, तर हिरा-जानूने लावलेल्या काट्यांना वासाच्या पानासाठी, फुलासाठी हात लावू नका. त्यांना वाढू द्या. समुद्र त्यांच्यासाठी थांबणार नाही.