तीन तास वाजलो त्याची गोष्ट

मी रेडिओ बोलतोय. घरातल्या फळीवरचा नव्हे, मोटारीतला. गाडीची बॅटरी मला पोसते, आणि इंजिन सुरू करायलाही तीच लागते. माझा गुन्हा घडला तो तिथेच.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन वर्षं झाली होती. बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडजवळच्या एका गावात हिंमतराव नावाचे मोठे जमीनवाले होते. त्यांनी मला मुंबईहून आणवून आपल्या जीपमध्ये बसवलं. पहिल्या दिवशी अर्धं गाव जीपभोवती जमलं. गाडी उभी होती तोवर नागपूर केंद्र छान लागलं. ड्रायव्हर कचरूने इंजिन सुरू केलं मात्र, माझ्या तोंडून नुसती खरखर! पोरं हसली. हिंमतरावांचा चेहरा पडला.

बुलढाण्याहून दयाराम रेडिओवाले आले. त्यांनी माझी तार जिथे गाडीच्या पत्र्याला जोडली होती तिथला रंग खरवडला, एरियल हलवून पाहिली. खरखर कमी झाली, पण गेली नाही.

"इंजनच्या ठिणगीचा आवाज याच्यात शिरून राह्यला," ते म्हणाले. "तो आवाज गिळणारा कंडेन्सर बसवा लागते. अकोल्याहून मागवतो. तवरक इंजन बंद ठेवून लय वेळ वाजवू नोका. बॅटरी उतरते."

हिंमतरावांनी मान हलवली. कचरूनेही ऐकलं, आणि तो मला हातसुद्धा लावेनासा झाला.

श्रावणातल्या एका दुपारी हिंमतराव एकटेच जीपमध्ये येऊन बसले. त्यांनी मला लावलं, पाय पसरले आणि गाणी ऐकता ऐकता त्यांचा डोळा लागला. मी वाजतच राहिलो. तीन तास. माझा आवाज बारीक होत गेला तेव्हा बॅटरी उतरतेय हे मला कळलं, पण मला स्वतःला थांबवता येत नाही. जागे झाल्यावर त्यांनी बटण फिरवलं आणि मुकाट्याने घरात गेले.

दिवेलागणीला शेजारचे माणिकराव धावत आले. त्यांची बायको रुखमाबाई बाळंतपणात अडली होती. दवाखान्यात न्यायला हवं होतं. कचरूने स्टार्टर दाबला. टक्. पुन्हा टक्. आठ माणसांनी ढकललं, पण चाकं चिखलात रुतली. शेवटी बैलगाडी जुंपली.

रुखमाबाई वाचल्या. बाळ वाचलं नाही.

माणिकरावांनी कचरूची गचांडी धरली. "गाडी सांभाळता येत नाही तुले?" कचरूने मालकाकडे पाहिलं. आणि हिंमतराव म्हणाले, "काऊन रे कचरू, बॅटरी पाह्यली नव्हती?"

मी समोरच होतो. एरवी जगभरच्या बातम्या सांगणारा मी, तेवढी एक बातमी सांगू शकलो नाही.

कचरू दुसऱ्या दिवशी काम सोडून गेला. महिन्याने दयारामांनी कंडेन्सर बसवला. आता मी चालत्या गाडीतही स्वच्छ वाजत होतो, पण हिंमतराव मला लावीनात. एकदा त्यांच्या पत्नी कौशल्याबाईंनी माझ्या बटणाकडे हात नेला, तर ते केवढ्यांदा ओरडले! मग स्टिअरिंगवर डोकं टेकून त्यांनी बाईंना सगळं सांगितलं.

"मले काय सांगता?" त्या म्हणाल्या. "जा तिच्याकडे."

ते गेले. मी अंगणाबाहेर जीपमध्ये होतो. रुखमाबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मले हळू आवाजात नोका सांगू. कचरूभाऊले शिव्या साऱ्या गावात बसल्या. तुम्हीबी साऱ्या गावात सांगा."

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर हिंमतरावांनी सांगितलं. आवाज सगळ्यांना ऐकू गेला. मग ते कचरूला आणायला चिखलीला गेले. तिथे तो ट्रक चालवू लागला होता. "मालक, तुम्ही बोलले, बरं झालं," तो म्हणाला. "पण मी येत नाही."

हिंमतरावांनी मला काढून दयारामांच्या दुकानात ठेवलं. तिथेच आहे मी. माझ्यात आता काही बिघाड नाही. कोणी घेतलं तर आनंदाने वाजेन. तेवढं एक करा, माझा आवाज बारीक होऊ लागला तर लगेच बटण बंद करा. आणि उशीर झालाच, तर गाडीची कोणाला गरज पडण्याआधी बॅटरी उतरल्याचं सांगून टाका.