पट्ट्याचं माप

लंकाबाईनं चामड्याच्या बॅगेत कोपरापर्यंत हात घातला आणि तळ चाचपून पाहिला. बाजारात बाजरी घेताना पोत्यात हात घालून बघावं, अगदी तसं. मग वाकून आतला वासही घेतला.

"आतून मखमल लावलीय, वहिनी," दुकानदार रविकांत म्हणाला. "कॅमेऱ्याला ओरखडा जायचा नाही."

तिच्या नवऱ्याचं, सहादेवचं, मखमलीकडे लक्षच नव्हतं. तो बघत होता बॅगेच्या तोंडावरच्या पितळी कुलपाकडे. बोटाच्या पेराएवढं कुलूप, पण काय दिमाख! रविकांतनं किल्ली फिरवली, खट्ट आवाज झाला, आणि सहादेवच्या चेहऱ्यावर वर्षभरानं कुठे जरा तरतरी आली. नगरच्या बाजारात सकाळपासून त्यांनी चार दुकानं पालथी घातली होती. रेक्झिनची बॅग चेन अडकते म्हणून नापास झाली, पत्र्याची पेटी जड म्हणून. ही मात्र त्याच्या मनात भरली.

आता फोटोग्राफरला कुलपाचं एवढं वेड का, तर त्याला कारण होतं. सहादेव शिंगणापूरचा. तिथे घराला दार नाही, कणगीला कडी नाही, आणि कुलूप तर कुणी उंबऱ्याच्या आत आणत नाही. शनिदेव राखतोय म्हटल्यावर माणसानं मध्ये कशाला पडायचं? असल्या गावात वाढलेल्या माणसाला वस्तूवर नजर ठेवायची सवय कुठून असणार? गेल्या वैशाखात एका वस्तीवर लग्न होतं. सहादेवनं आपली कापडी पिशवी घरच्यासारखी उघडीच मांडवाच्या खांबाशी ठेवली आणि तो वरमायांचे फोटो काढायला गेला. तेवढ्यात नवरीची आजी बनुबाई पिशवीशी येऊन बसली. नातीचा फोटो बघायची तिला घाई. तिनं पिशवीतला फोटो काढून झालेला रोल काढला आणि भर उन्हात लुगडं वाळत घालावं तसा सगळा उलगडला. सहादेव धावत आला तेव्हा म्हातारी त्यालाच विचारत होती, "ह्यात तर कायच न्हाई रं बाबा, आमची पोर कुटं गेली?"

अंतरपाट, अक्षता, सप्तपदी, सगळं उन्हानं खाल्लं. पण ऐंशी वर्षांच्या बाईला, तेही नातीच्या लग्नात, बोल कोण लावणार! सहादेवनं मांडवात सांगून टाकलं की रोलच खराब निघाला, चूक माझी. खरं काय ते त्यानं घरी येऊन एकट्या लंकाबाईला सांगितलं. त्या दिवशी तो जेवला नाही. झालं, पंचक्रोशीत बोभाटा झाला की सहादेवचा कॅमेरा कोरे फोटो काढतो. वर्षभर एक बोलावणं आलं नाही. शेवटी सोनईचे नृसिंह गुरुजी स्वतः घरी आले. आमच्या दमयंतीच्या लग्नाचे फोटो तूच काढायचे, म्हणाले. गुरुजींना नाही म्हणायची सोय नव्हती आणि हो म्हणायची छाती नव्हती. ह्या वेळी काही वेडंवाकडं झालं तर कॅमेरा विकून टाकीन आणि पुन्हा त्याचं नाव घेणार नाही, असं सहादेव बायकोला बोलून बसला होता. आणि लग्न चार दिवसांवर आलं होतं.

"हीच घेऊ," तो म्हणाला.

लंकाबाईनं कुलपाला बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं. गावाची रीत तिनं काढली नाही. ती त्याला तिच्याइतकीच ठाऊक होती.

"घरी कशी न्यायची?" तिनं एवढंच विचारलं.

सहादेवनं त्याचा विचार करून ठेवला होता. घोडेगावात स्टँडजवळ कारभारीचं किराणा दुकान होतं, त्याच्याकडे बॅग ठेवायची. लग्नाला जाताना उचलायची, येताना ठेवायची. घरात कुलूप यायचा प्रश्नच नाही.

"मंग कॅमेराबी तिथंच ऱ्हाणार?"

"ऱ्हाईल की. त्याला काय हुतंय?"

"त्याला न्हाई काय हुत. तुमाला झोप लागंल का?"

 रात्रीतून दोनदा उठून सहादेव फळीवरच्या कॅमेऱ्यावरचं फडकं नीट करायचा, हे हिला कळत असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. मनातून तो चिडला. ही म्हणते ते खरं, पण मग लग्नात पिशवी राखणार कोण, हिचा शनिदेव? तो काय सोनईच्या मांडवात येऊन बसणार आहे? पण दुकानात चारचौघांत बायकोशी हुज्जत घालणारा तो गडी नव्हता. फ्लॅशचे बल्ब आणि रोल घेऊन येतो, असं पुटपुटून तो समोरच्या गल्लीत निघून गेला.

परत आला तेव्हा लंकाबाई दुकानाच्या पायरीवर मांडी घालून बसली होती. मांडीवर जाड हिरव्या कापडाची मिलिटरीची जुनी बॅग होती. तिला दोन बक्कलं होती, कुलूपबिलूप काही नाही. तिनं दोन्ही हातांनी ती पोटाशी धरली होती आणि रविकांत कात्री ठेवून हसत होता.

"ही बरी हाय," ती म्हणाली. "गोधडीची दोन पदरं आत टाकते. मखमल झक मारंल."

सहादेवच्या अंगात वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं. त्यानं पितळी कुलपाकडे एकदा शेवटचं पाहिलं आणि पैसे दिले. संपलं, त्याला वाटलं. गुरुजींना काय सांगायचं ते आता जुळवायला हवं.

एस.टी.त लंकाबाई खिडकीशी बसली आणि घोडेगाव येईपर्यंत तिनं बॅग मांडीवरून हलू दिली नाही. खाली उतरल्यावर सहादेवनं ती हातात घेतली आणि खांद्याला अडकवली. बॅग थेट काखेत जाऊन बसली. त्यानं बक्कल सैल करायला घेतलं तर पट्ट्याला पुढे भोकच नव्हतं. पट्टा वीतभर कापून, दुमडून, जाड दोऱ्यानं शिवून टाकला होता.

"त्या भल्या माणसानं पट्टाच कापला," तो वैतागून म्हणाला. "हे माझ्या मापाचं हाय का?"

"मीच कापाय लावला."

"का?"

लंकाबाईनं पदर सारखा केला आणि रस्त्याच्या कडेनं चालायला लागली. सहादेवला मागून जावं लागलं.

"गुर्जींकडं मुहूर्त किती वाजता हाय?" तिनं विचारलं.

"अकराला. का?"

"न्हाई, डाळिंबी लुगडं नेसावं म्हनते. मांडवात खांबाशी बसायचं म्हंजी जरा बरं दिसाय पायजे."

सहादेव चालता चालता थांबला. लग्नाच्या पहिल्या वर्षी हिनं एकदा विचारलं होतं, मी येऊ का तुमच्यासंगं? कामावर जाताना बायको कशाला, लोक हसतील, असं म्हणून तो स्वतःच हसला होता. त्याला आता आठ वर्षं झाली. तिनं पुन्हा विचारलं नव्हतं.

"लोक हसतील," तो आजही म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"वरीसभर हसत्यातच की. आनि मला एकदा बगायचं हाय," ती मागे न वळता म्हणाली, "तुमी फोटू काढताना कसं दिसता."

 सहादेवनं खांद्यावरची बॅग काढली, दोन पावलं पुढे गेला आणि पट्टा तिच्या खांद्यावर चढवला. बॅग बरोबर तिच्या कमरेशी येऊन टेकली, हात सहज वर ठेवता येईल अशी. तिनं तो ठेवलाही.

शिंगणापूर अजून दीड कोस होतं. एरवी सहादेव पुढे आणि लंकाबाई मागे अशी त्यांची चाल असे. आज तो म्हणाला, तूच पुढं हो, बॅगेवर नजर ठेवायला बरं पडतं. लंकाबाईनं ते खरं मानल्यासारखं केलं आणि ती पुढे झाली.